तंपानूरचं गोल कॉफी हाउस : कोण कुठे बसतं आणि का

दीपमाळ

तिरुवनंतपुरम सेंट्रल स्टेशनातून बाहेर पडलं की समोर केएसआरटीसीचा, म्हणजे केरळच्या एसटीचा, बस स्टँड आणि त्याच्या शेजारी विटकरी रंगाची एक गोल इमारत. हे तंपानूरचं इंडियन कॉफी हाउस. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही या गावात राहायला आलो आणि स्टेशनावर कोणाला आणायला-सोडायला जाताना इथे बसायची सवय लागली. कॉफीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दुधाची, गरम, स्वस्त. मला लिहायचंय ते तिथल्या बसण्याबद्दल. गिऱ्हाईक कुठे टेकणार, किती वेळ बसणार, शेजारच्याशी बोलणार की नाही, हे या इमारतीत बरंचसं जमिनीच्या चढाने ठरतं असं माझं पक्कं मत झालंय. इथल्या मंडळींचं काय म्हणणं आहे ते ऐकायला आवडेल.

आधी रचना सांगते. इमारत आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी केलेली. वर जायला जिना नाही. दारातून आत शिरलं की वाटच चढत जाते, मधल्या गोल गाभ्याभोवती, चकलीच्या वेढ्यांसारखी. बाहेरच्या भिंतीला लागून टेबलं आणि बाकं आहेत, सगळी बांधीव. ओढून घ्यायला खुर्ची नाही. वाट चढाची असली तरी टेबल सपाट, त्यामुळे कप कलंडत नाही. भिंतीत मधल्या मधल्या विटा गाळून चौकोनी झरोके ठेवलेत, त्यांच्या ओळीही वाटेबरोबर वर चढतात. स्वयंपाकघर तळाशी. पैसेही खाली येऊनच द्यायचे.

आता याचा परिणाम बघा. बसल्या जागेवरून पुढची दोन-तीन टेबलं दिसतात, मागची दोन-तीन दिसतात, आणि मग भिंत वळते. अख्खं कॉफी हाउस एका नजरेत कोणालाच दिसत नाही. पण जागा शोधत वर जाणारा प्रत्येक माणूस तुमच्या टेबलाच्या अगदी कडेने जातो आणि तुमच्या ताटलीत बघूनच जातो. बीट घातलेला लालभडक मसाला डोशातून बाहेर आलेला असतो, नवीन माणूस थबकतो, 'हे काय आहे?' असं खुणेने विचारतो. मला मल्याळम धड येत नव्हतं तेव्हासुद्धा या वाटेवर माझी माणसांशी बोलणी झाली. सरळ हॉलमध्ये अनोळखी माणसाच्या ताटलीत वाकून बघणं असभ्य ठरतं, इथे वाटच तशी आहे म्हणून कोणाला काही वाटत नाही.

पहिला वेढा घाईवाल्यांचा. पुढच्या बसवर जायचे असलेले ड्रायव्हर-कंडक्टर, ऑफिसला निघालेली माणसं, गाडीला अर्धा तास आहे म्हणून टेकलेले. यांची नजर सारखी घड्याळाकडे. एकट्याने आलेला माणूस इथेच बसतो, समोर कोणी येऊन बसलं तर पाय आवरून घेतो, एवढंच.

थोडं वर गेलं की वेगळी मंडळी लागतात. तिरुवनंतपुरमला रीजनल कॅन्सर सेंटर आहे, श्री चित्रा हे मोठं हॉस्पिटल आहे, मेडिकल कॉलेज आहे; केरळभरातून आणि तमिळनाडूतून पेशंट येतात. एक्स-रेची मोठी पाकिटं, प्लास्टिकच्या फायली घेतलेली कुटुंबं मला नेहमी मधल्या भागात दिसली. तळाशी वर्दळ नको असते, फार वर चढवत नाही. एकदा माझ्या पुढच्या टेबलावर एक बाई पाकिटातून फिल्म काढून झरोक्यातल्या उजेडासमोर धरून बघत होत्या. त्यांचा मुलगा 'अम्मा, आता नको' म्हणत होता. वेटरने दोघांसमोर कॉफी ठेवली आणि फिल्म टेबलावर ठेवायला जागा व्हावी म्हणून पाण्याचे ग्लास स्वतःच भिंतीकडे सरकवले. एक शब्द न बोलता. ते ग्लास सरकवणं माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे.

सगळ्यात वर कॉलेजची मुलं आणि जोडपी. एवढं चढून कोणी ओळखीचं येणार नाही याची खात्री असते. डिसेंबरात आयएफएफके, म्हणजे इथला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो. कैरली-निला-श्री थिएटरं तंपानूरलाच आहेत, तेव्हा गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मंडळी वरचे वेढे ताब्यात घेतात आणि दोन खेळांच्या मध्ये तावातावाने वाद घालतात.

चाकांच्या बॅगांची गंमत सांगायलाच हवी. स्टेशन शेजारी असल्यामुळे निम्म्या लोकांकडे बॅग असते, आणि उतारावर चाकाची बॅग उभी राहत नाही. सरावलेला माणूस ती आडवी घालतो किंवा बाकाखाली ढकलून टाच लावून ठेवतो. नवख्याची बॅग निघते खाली, आणि वाटेतलं कोणीतरी न उठता नुसता पाय आडवा घालून ती अडवतं. हे इतकं ठरलेलं आहे की अडवणारा बोलणंही थांबवत नाही.

आणि वेटर. पांढरा पोशाख, कमरेला रुंद पट्टा, डोक्यावर पंख्याच्या आकाराची खळ केलेली पगडी. तळाच्या स्वयंपाकघरातून वरच्या टोकापर्यंत दिवसभर चढउतार त्यांनाच. चढताना भरलेल्या बश्या, उतरताना रिकाम्या. चढताना शरीर किंचित पुढे, पण हाताची बशी आडवी. त्यांच्या मनगटाचा तो कोन बघत राहावा असा आहे. वरच्या मुलांना दुसरी कॉफी मिळायला वेळ लागतो तो यामुळे, आळसामुळे नाही.

तुमच्या गावच्या कॉफीच्या जागेत कोण कुठे बसतं? आणि तसंच का बसतं?

---

गिरगावकर

सुंदर लिहिलंय. तुमचं 'कोणालाच सगळं दिसत नाही' हे वाक्य वाचून मला लगेच इराण्याची हॉटेलं आठवली, कारण तिथे नेमकं उलटं आहे.

मरीन लाइन्सजवळचं कयानी १९०४ सालचं. तिथे किंवा कुठल्याही जुन्या इराण्याकडे जाऊन गल्ल्यापाशी क्षणभर उभे राहा. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आणि भिंतींवर आरसे. आरशांनी जागा मोठी वाटते हे खरंच, पण गल्ल्यावर बसलेल्या शेठला पाठमोरं गिऱ्हाईकही दिसतं, हा त्यांचा मोठा उपयोग. कोण किती वेळ एका चहावर बसलंय, कोणत्या पोऱ्याने काय दिलं, सगळं. हॉटेल बहुतेक वेळा नाक्यावर असल्यामुळे दोन बाजूंनी दारं, दोन रस्त्यांवरचा उजेड. गिऱ्हाईक एका दाराने येऊन दुसऱ्या दाराने जाणार नाही यावरही शेठची नजर.

आमच्या लहानपणी पोऱ्या बिलाचा कागद आणत नसे. तुम्ही उठलात की तो तिथूनच गल्ल्याकडे बघून रकमेची आरोळी ठोकायचा आणि शेठ तेवढे पैसे घ्यायचा. त्यासाठीसुद्धा टेबल आणि गल्ला यांच्यामध्ये भिंत नको. तुमच्या गोल इमारतीत ही पद्धत चाललीच नसती.

---

वास्तुवेडा

बेकरांचा विषय निघाला म्हणून राहवत नाही.

जन्म १९१७, बर्मिंगहॅम. चीनमधून मायदेशी परतताना बोटीची वाट बघत मुंबईत अडकले, तिथे गांधीजींची भेट झाली आणि पुढचं आयुष्य भारतात गेलं. आधी पिठोरागड, मग केरळ. तिरुवनंतपुरममध्येच उल्लूरला त्यांनी केलेलं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजचं आवार आहे, दीपमाळताई, बघितलं नसेल तर नक्की बघा. १९९० मध्ये पद्मश्री, २००७ मध्ये तिरुवनंतपुरमलाच निधन.

गोल भिंतीमागे त्यांचा हिशेब साधा होता. १०० चौरस मीटर जागा चौरसात बसवली तर भोवती ४० मीटर भिंत लागते; वर्तुळात बसवली तर साधारण साडेपस्तीस मीटर. तेवढ्या विटा वाचल्या. शिवाय वळलेली भिंत स्वतःच्या वळणामुळे जास्त ताठ उभी राहते. विटांचे झरोके, म्हणजे जाळी, हे खिडकीचं काम करतात आणि चौकट, गज, काचा, बिजागऱ्या यांचा खर्च जातो. केरळच्या दमट हवेत वारा खेळता राहणं सगळ्यात महत्त्वाचं. गरम हवा वर चढते आणि झरोके वरपर्यंत असल्यामुळे तिला बाहेर पडायला वाट मिळते.

पण या इमारतीतली खरी करामत वेगळीच आहे. नेहमीच्या हॉटेलात जिना आणि मधल्या वाटा यांत बरीच जागा जाते, आणि त्या जागेवर कोणी बसत नाही. इथे वाट आणि बसायची जागा एकमेकींना चिकटून वर जातात. जाण्यायेण्यासाठी म्हणून वेगळं काही उरतच नाही. तुम्हाला जे ताटलीत डोकावणं दिसलं ते यातून आलंय.

---

उमाकाकू

लेख आवडला, वास्तुवेडा यांचा प्रतिसादही. पण एक तक्रार मांडते, कारण मी तिथे जाऊन आलेय. कन्याकुमारीच्या सहलीत आमचा गट तिथे थांबला होता.

माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. बांधीव बाक आणि बांधीव टेबल यांच्यात जे अंतर ठेवलंय ते सडपातळ माणसाच्या हिशेबाचं आहे. मला आत सरकताना त्रास झाला आणि उठताना जास्त. खुर्ची असती तर मागे ओढली असती. माझी मैत्रीण जाड आहे, ती टेबलाच्या टोकाला अर्धवट बसली, तिचा एक पाय वाटेत, आणि वेटर दर वेळी वळसा घालून जात होते. जिना नाही हे चांगलं, हे मी मान्य करते, पण सतत चढाची वाटही म्हाताऱ्या माणसाला सोपी नसते. इमारतीचं कौतुक करताना ज्यांना ती सोसत नाही त्यांचाही विचार व्हावा.

पुण्यात आम्ही टेकडीवरून उतरल्यावर वैशाली हॉटेलात जातो. तिथे मागच्या मोकळ्या जागेत सकाळी आमच्या वयाची माणसं भेटतात. टेबलं सरकवून जोडता येतात, सहाचे आठ झाले तरी सगळे एकत्र बसतात. नंतर तासाभराने कॉलेजची मुलं येतात आणि आम्ही उठतो. कोणी उठवत नाही, पण मुलं टेबलांच्या कडेला उभी राहायला लागली की आपली वेळ झाली हे कळतं.

---

दीपमाळ

काकू, तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांनाही आम्ही पहिल्याच टेबलाशी बसवलं होतं, त्यापुढे त्या येऊ शकल्या नाहीत. तळाची टेबलं घाईवाल्यांची असं मी लिहिलं, ते अपुरं होतं. तिथे वर चढू न शकणारी माणसंही बसतात, आणि गर्दीच्या वेळी त्यांना जागा मिळत नाही.

टेबलं जोडण्याचा मुद्दा तर फारच महत्त्वाचा. इथे चारांच्या वर माणसं एका टेबलाशी बसूच शकत नाहीत. त्यामुळे मोठा कंपू जमवून तासन्‌तास बसणं तंपानूरला घडत नाही. लांबच्या गप्पा होतात त्या दोघा-चौघांच्या.

---

रानजाई

मी कोलकात्याला शिकायला होते, त्यामुळे कॉलेज स्ट्रीटच्या कॉफी हाउसबद्दल लिहिते. तुमच्या प्रश्नाचं तिसरं उत्तर तिथे आहे असं मला वाटतं.

इमारत जुन्या अल्बर्ट हॉलची. सरकारी कॉफी बोर्डाने १९४२ मध्ये तिथे कॉफीची जागा सुरू केली. प्रेसिडेन्सी कॉलेज समोर, पुस्तकांची दुकानं खाली रस्ताभर. जिना चढून गेलं की एकच मोठा उंच हॉल, वर लांब दांड्यांचे पंखे, आणि हॉलच्या वरती चारही बाजूंनी गॅलरी. खालच्याला हाउस ऑफ कॉमन्स आणि गॅलरीला हाउस ऑफ लॉर्ड्स म्हणायची पद्धत आहे.

तिथे सगळे सगळ्यांना बघतात. दारात उभं राहिलं की हॉलभर नजर फिरवायची, आपली मंडळी कुठे आहेत ते हेरायचं, हात वर करायचा. गॅलरीतून खाली वाकून हाक मारायची. कोण कोणाबरोबर बसलं, कोणाची कोणाशी फाटली, हे अख्ख्या हॉलला कळतं. आवाज इतका असतो की शेजारच्या टेबलावरचं नीट ऐकू येत नाही, त्यामुळे लाज न वाटता मोठ्याने वाद घालता येतो. खुर्च्या मात्र भरपूर हलतात. एका टेबलाभोवती चार जण बसतात, पाचवा येतो तो दुसऱ्या टेबलाची खुर्ची उचलूनच येतो, आणि थोड्या वेळात दहा जणांचं कोंडाळं. एवढ्यांत दोन-तीन कप इन्फ्युजन, म्हणजे बिनदुधाची काळी कॉफी, आणि तीच आलटून पालटून. वेटर ओरडत नाहीत. ओळखीच्या वेटरकडे आम्ही मित्रांसाठी निरोप ठेवून जायचो आणि तो पोचायचा.

म्हणजे इराण्याकडे मालक सगळ्यांना बघतो, कॉलेज स्ट्रीटला सगळे सगळ्यांना, आणि तुमच्या तंपानूरला प्रत्येकाला फक्त शेजार दिसतो.

---

सदरवाला

रानजाई ताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मला यामागची एक गोष्ट मांडावीशी वाटली. नागपूरला सदरमध्ये आमचं इंडियन कॉफी हाउस आहे, जबलपूरच्या कामगारांच्या सहकारी सोसायटीचं. वडील मला रविवारी तिथे कटलेट खायला न्यायचे. गल्ल्यावर बसलेला माणूस मालक नाही, हे वडिलांनी मला तेव्हाच सांगितलं होतं.

पहिलं कॉफी हाउस १९३६ मध्ये मुंबईत, चर्चगेटला निघालं. ते सरकारी आशीर्वादाने, कॉफीचा खप वाढावा म्हणून. पन्नासच्या दशकाच्या मध्यावर कॉफी बोर्डाने ही दुकानं बंद करायचं ठरवलं आणि कामगार रस्त्यावर यायची वेळ आली. तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन, केरळात सगळे एकेजी म्हणतात त्यांना, यांनी कामगारांना सांगितलं की तुम्हीच सोसायटी काढा आणि तुम्हीच चालवा. पहिली सोसायटी १९ ऑगस्ट १९५७ रोजी बंगळुरूला झाली, दिल्लीचं कॉफी हाउस त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला उघडलं, आणि केरळात त्रिशूरला १९५८ मध्ये सुरुवात झाली. केरळातल्या कॉफी हाउसांत एकेजींची तसबीर लावलेली दिसते ती यासाठी.

आता गिरगावकरांच्या आरशांचा मुद्दा घ्या. जिथे वेटर स्वतःच सोसायटीचे सभासद आहेत, तिथे त्यांच्यावर आणि गिऱ्हाइकावर नजर ठेवायला मालक कशाला पाहिजे? तंपानूरला गल्ला तळाशी आणि गिऱ्हाईक तीन वळणं वर, तरी धंदा चालतो. मालकाच्या हॉटेलात अशी इमारत कोणी बांधू दिली नसती असं मला वाटतं.

---

वास्तुवेडा

सदरवाला, इतिहास उत्तम सांगितलात, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. सोसायटीची बाकीची बहुतेक कॉफी हाउसं साध्या चौकोनी हॉलांत आहेत, तुमचं सदरचंही असेल. तिथेही मालक नाही आणि तिथेही गल्ल्यावरून सगळं दिसतं. गोल चढाची कल्पना बेकरांची. सहकारामुळे ती सुचली असं म्हणता येत नाही. सोसायटीने ती मान्य केली याचं श्रेय मात्र नक्कीच त्यांना.

---

सदरवाला

मान्य केली हेच तर मी म्हणतोय भाऊ. सुचणं एकाचं, हो म्हणणं दुसऱ्याचं. हो म्हणणाऱ्याला नजर ठेवायची गरज वाटली नाही, तो माझा मुद्दा.

---

शिफ्टवाली

मी काउंटरच्या पलीकडून लिहिते. कॉलेज करताना पुण्यात एका मोठ्या साखळीच्या कॉफी शॉपमध्ये शिफ्ट करत होते. नाव लिहीत नाही. तिथल्या मांडणीत काहीही सहज झालेलं नसतं, हे मला तिथे कळलं.

दारातून आत आलं की रांग केकच्या काचेच्या कपाटाला घासून जाते. पैसे देण्याआधी केक बघायला लागतोच, आणि लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर सगळ्यात रंगीत माल. मशीन अशा कोनात की दूध तापवतानाची वाफ आणि बरिस्ताचे, म्हणजे कॉफी करणाऱ्याचे, हात रांगेतल्याला दिसावेत. हात दिसले की थांबलेला माणूस कमी वैतागतो. एकट्याने येणाऱ्यांसाठी छोटी गोल टेबलं, कारण चौकोनी टेबलाशी एकट्याच्या समोरची रिकामी खुर्ची डोळ्यांत येते, गोल टेबलाशी तेवढी येत नाही, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. सोफे आत, काचेजवळ उंच स्टुलं. स्टुलावर फार वेळ बसवत नाही आणि बाहेरून बघणाऱ्याला दुकान भरलेलं दिसतं.

गिऱ्हाइकं मात्र ही मांडणी आपल्या सोयीने वापरायची. प्लग पॉइंटजवळची टेबलं सकाळी दहाच्या आत जायची, लॅपटॉपवाल्यांकडे. एक विमा एजंट होते, ते नेहमी दाराकडे तोंड करून बसायचे, म्हणजे येणारा माणूस त्यांना आधी दिसावा. नोकरीच्या मुलाखती मधल्या टेबलांवर व्हायच्या. आणि शनिवार-रविवारी संध्याकाळी लग्नासाठी पहिल्यांदा भेटणारी मुलं-मुली. ती आम्ही लांबून ओळखायचो. दोघं वेगवेगळ्या रिक्षांतून उतरायची, मेनू फार वेळ वाचायची, आणि काउंटरला दिसेल असं टेबल निवडायची, कोपरा कधीच नाही. मुलीच तसं निवडायच्या. कोणाची तरी नजर आपल्यावर आहे याचा त्यांना आधार वाटत असणार. मी अशा टेबलाशी एकदा तरी पाणी द्यायला जायचेच, मागितलेलं नसलं तरी.

म्हणून मला वाटतं, कोणीतरी बघतंय हे दर वेळी वाईट नसतं. तंपानूरच्या वरच्या वेढ्यात एकट्या मुलीला कसं वाटत असेल, याचाही विचार करा.

---

दीपमाळ

शिफ्टवाली, तुमचा प्रतिसाद वाचून मी काल मुद्दाम वर जाऊन बसले. एकट्या मुली वर फारशा नाहीत, हे खरं आहे. दोघी-तिघी असतात, किंवा जोडीने. एकटीने आलेल्या दोन मुली दिसल्या, दोघीही पहिल्या वळणाच्या आत. पण वर बसले असताना आणखी एक लक्षात आलं. वेटर वरच्या टोकापर्यंत सारखा येतो आणि मधल्या प्रत्येक टेबलापाशी किंचित थांबतो, काही हवंय का म्हणून नुसतं बघून पुढे जातो. म्हणजे नजर आहेच, फक्त ती एका जागी बसलेली नाही.

तुमचं ते न मागता पाणी देणं मनाला फार भिडलं.

---

मृण्मयी_क

धागा छान चाललाय, पण मला एक शंका विचारायची आहे. लोक कॉफी प्यायला येतात, आपण त्यांच्या फायली, त्यांची पाकिटं, त्यांची जोडीदारं बघून लिहितो. त्यांना हे चालेल का? विशेषतः हॉस्पिटलच्या फायलीवाल्या बाईंचा प्रसंग वाचताना मला थोडं अवघडल्यासारखं झालं.

---

दीपमाळ

शंका रास्त आहे. मी तिथे कधी फोटो काढत नाही आणि ओळख पटेल असं काही लिहीत नाही. त्या बाईंचं गाव, वय, आजार यातलं मला काही माहीतही नाही. तो प्रसंग लिहावा की नाही यावर मीही विचार केला होता. लिहिला तो वेटरसाठी. रोज शेकडो माणसांना बश्या पोचवणारा माणूस कोणाला किती जागा हवी आहे हे ओळखतो, हे कुठेतरी नोंदलं जावं असं मला मनापासून वाटलं.

---

गिरगावकर

अवांतर, पण मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार कॅफे कोणाला आठवतं का? १९६४ ते २०१५. लांबलचक अरुंद जागा, दोन्हीकडे टेबलं, मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. चित्रकार, वकील, विद्यार्थी, कोणीही असो, आत जायचं तर सगळ्यांच्या खांद्यांना घासून जावं लागे. दीपमाळताईंच्या वाटेचा प्रकार, फक्त सरळ रेषेत आणि विनाचढाचा. बंद झालं तेव्हा अखेरच्या दिवसांत आम्ही जाऊन आलो, बाहेरपर्यंत रांग होती. एवढी नाटकाची, चित्रांची बोलणी त्या अरुंदपणामुळे झाली. तीच माणसं ऐसपैस हॉलात बसती तर एकमेकांना नुसता हात दाखवून आपापल्या टेबलाकडे गेली असती.

---

रानजाई

अगदी! अरुंद जागेत 'जरा सरकता का' म्हणावं लागतं आणि तिथूनच ओळख सुरू होते.

---

कोकणरेल

इतके दिवस नुसता वाचत होतो. हा धागा वाचून, परतीच्या नेत्रावती एक्सप्रेसआधी तंपानूरला जाऊन आलो. आम्ही सात जण, त्यात माझी आई आणि दोन लहान मुलं.

उमाकाकूंचं खरं आहे, एकत्र बसता आलं नाही. लागोपाठची दोन टेबलं मिळाली, एक खालचं, एक त्याच्या पुढचं. आई खालच्यावर, मुलं वरच्यावर. मग झालं असं की मुलं पाठमोरी वळून, बाकावर गुडघे टेकून, आजीशी बोलायला लागली आणि आजी मान वर करून त्यांना घास भरवायला लागली. आमच्या मागच्या टेबलावरच्या एका मल्याळी आजोबांनी आईशी मल्याळममध्ये आणि आईने त्यांच्याशी मालवणीत जे काही संभाषण केलं त्यात माशांची नावं जुळत होती एवढं मला कळलं. दोघांनी एकमेकांच्या ताटल्यांकडे बोटं दाखवून बराच वेळ काढला.

दीपमाळताईंच्या नोंदीत एक भर घालतो. वरचे वेढे सकाळी मुलांचे नसतात. सकाळी वर आम्हाला रात्रभर प्रवास करून आलेली माणसं दिसली, भिंतीला डोकं टेकून डुलक्या घेणारी. त्यांच्यासमोर रिकामा कप तसाच ठेवलेला होता, वेटर तो उचलत नव्हता. कप उचलला तर उठायला लागेल म्हणून असावं. बिल देताना मी विचारणार होतो, पण गाडीची वेळ झाली.

---

दीपमाळ

कोकणरेल, सकाळी एवढ्या लवकर मी कधी वर गेलेच नाही. रिकाम्या कपाचं मी विचारून इथे लिहिते. पुढच्या वेळी सात जण असाल तर सकाळी आठच्या आत जा आणि दाराशीच वेटरला सांगा. लागोपाठची टेबलं रिकामी होईपर्यंत तो तुम्हाला तळाशी थांबवतो आणि मगच वर नेतो. आणि आईंना बीटचा डोसा आवडला का तेही कळवा.